निलगिरीचे किती थेंब टाकले की पिंपातले सोंडे मरतील?

विचारलंय ते थोडक्यात असं. दोनशे लिटरच्या पत्र्याच्या पिंपात दीडशे किलो गहू आहे, शिवाय दोन डब्यांत मिळून वीस किलो मूग. गव्हात सोंडे फिरताना दिसू लागलेत. गोळ्या-पावडरी नकोत. निलगिरी आणि लवंगेच्या तेलाने २४ तासांत शंभर टक्के सोंडे मरतात असं वाचनात आलंय, तर पिंपाला किती थेंब पुरतील? आणि त्याच गव्हातला दहा किलो पेरायला ठेवायचा आहे, त्याला हे तेल चालेल का?

साठवणीतल्या किडींवर काम करून मला वीस वर्षं होऊन गेली. त्यातली सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी नेमकं हेच करत होते: बरणी, गाळण कागद, तेलाचा थेंब आणि मोजून घेतलेले सोंडे. त्यामुळे तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. तसे आकडे मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेत. पण ते आकडे कसे निघतात हे कळलं की पिंपाचा हिशेब वेगळा का आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

एक लिटरची काचेची बरणी घ्यायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा गाळण कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर पिपेटने दहा-पंधरा मायक्रोलिटर तेल सोडायचं, म्हणजे साधारण थेंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. तळाला वीस सोंडे. झाकण घट्ट. निलगिरीचं तेल असेल तर काही तासांत सोंड्यांची चाल बिघडते. भिंतीवर चढायला जातात आणि घसरतात, उताणे पडतात, पाय थरथरत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वीसच्या वीस निपचित.

इथे एक आठवण सांगते. सुरुवातीला मी असाच शंभरचा आकडा लिहिला, मेलेले सोंडे काचेच्या बशीत ओतले आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर सात-आठ जण बशीच्या काठावर फिरत होते. सोंडा मेल्याचं सोंग घेण्यात पटाईत. हलवला, धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन दगडासारखा पडून राहतो. शिवाय तेलाच्या वाफेने नुसता गुंगलेला किडा मोकळ्या हवेत पुन्हा उभा राहतो. तेव्हापासून स्वच्छ हवेत आणखी एक दिवस ठेवून मगच मी मोजते. तुम्हीही पिंपाच्या तळाशी पडलेले सोंडे बघून लगेच निश्चिंत होऊ नका.

पण खरी मेख वेगळीच आहे. त्या बरणीत काय नव्हतं? गहू नव्हता.

रिकाम्या बरणीत तेलाची वाफ हवेत राहते आणि किड्याला मिळते. गहू असला की चित्र बदलतं. गव्हात दोनेक टक्के स्निग्धांश असतो, वर कोंड्याचा थर असतो, आणि या तेलांतली द्रव्यं स्निग्धात पटकन विरघळतात. मग दाणे वाफ शोषून घेतात, अगदी टीपकागदासारखी. त्याच बरणीत अर्ध्यापर्यंत गहू भरून तोच प्रयोग केला तर तेवढेच सोंडे मारायला कितीतरी पट तेल लागतं, आणि बरणी काठोकाठ भरली तर त्याहून जास्त. जे दाणे तेलाच्या जवळ असतात ते आधी पितात. खालच्या थरातल्या सोंड्यापर्यंत वाफ पोचेपर्यंत तिच्यात फारसा दम उरलेला नसतो.

आता थेंबांचा आकडा, कारण तुम्ही तो विचारलाय. दीडशे किलो गव्हाने पिंप जवळपास भरतं. दाण्यांच्या मधली मोकळी जागा साधारण चाळीस टक्के असते, म्हणजे तुमच्या पिंपात हवा आहे ७५ ते ८० लिटर. बरणीतलं प्रमाण लिटरला १५ मायक्रोलिटर धरलं तर ८० लिटर हवेला १.२ मिली तेल होतं. म्हणजे तीसेक थेंब. कागदावर हेच तुमचं उत्तर. हे तीस थेंब तुमचा गहू दुपारपर्यंत पिऊन टाकेल आणि सोंड्यांना त्याची दखलही घ्यावी लागणार नाही. बरं, शोषणाचा हिशेब धरून दहापट टाकू म्हणाल, तर १२ मिली, किलोमागे दोन थेंब. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या गव्हाचं पीठ सर्दीच्या मलमासारखं लागतं. एकदा नमुन्यातला उरलेला गहू मी महिनाभर वारा दिल्यावर दळून बघितला होता, तेव्हाही तो वास पुरता गेला नव्हता.

'मग आणखी तेल टाकू' हेही एका मर्यादेपुढे चालत नाही, कारण हवेत किती वाफ मावेल यालाच सीमा आहे. निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिनिओल. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत ते जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास राहू शकतं. त्यापुढे टाकलेलं तेल कापसातच ओलं राहतं, नाहीतर दाण्यांवर ठिबकतं. लवंगेच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं, त्याचा उकळबिंदू २५४ अंश. सिनिओलचा १७६. युजेनॉलची हवेतली मर्यादा सिनिओलच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी आहे. म्हणून लवंगेचं तेल हे धुरी देण्याचं तेल नाहीच. ते अंगाला लागलं तर मारतं, वासाने दूर ठेवतं, पण झाकणाला बोळा लटकवून पिंपाच्या तळातला सोंडा त्याने मरेल ही आशा करू नये. दालचिनी, ओवा, गवती चहा यांच्या तेलांतली मुख्य द्रव्यंही जड बाजूची. निलगिरी, संत्र्याची साल, कापूर ही हलकी मंडळी, पटकन उडणारी आणि पटकन संपणारी.

दाण्यांच्या राशीत शिरायला फॉस्फिनसारखा खरा वायू लागतो. त्याचा रेणुभार ३४, म्हणजे हवेच्या जवळपास, आणि धान्य तो फारसा शोषत नाही. सिनिओलचा रेणुभार १५४. अशा फरकांमुळे गोदामांतून फॉस्फिन हटत नाही आणि तेलं शोधनिबंधांतून बाहेर पडत नाहीत. मिथिल ब्रोमाइडचा धूर ओझोनच्या थरापायी माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ ला आणि विकसनशील देशांत २०१५ ला बंद झाला, विलगीकरणासारखे काही अपवाद सोडून. फॉस्फिनला न जुमानणारे किडे तर १९७२-७३ च्या जागतिक पाहणीतच सापडले होते. म्हणून संशोधकांचा ओढा या तेलांकडे वाढला, आणि तो योग्यच आहे. सूक्ष्म कुप्यांत बंद करून हळूहळू सोडायचे प्रयोग चालू आहेत. पण आज तुमच्या पिंपाला त्याचा उपयोग नाही. (आणि गोळ्या नकोत म्हणालात ते अगदी बरोबर. फॉस्फिन सोडणाऱ्या गोळ्या राहत्या घरात कधीच ठेवू नयेत, त्याने माणसं दगावलीत.)

समजा, कशीही करून वाफ सगळीकडे पोचवली. तरी तुम्हाला जे सोंडे दिसतायत ते दुखण्याचं वरचं टोक आहे. मादी सोंडेने दाण्याला खड्डा पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लिंपते. नुसत्या डोळ्यांनी ते बूच दिसत नाही. प्रयोगशाळेत आम्ही गहू ॲसिड फुक्सिन नावाच्या लाल रंगात बुडवायचो, मग एकेका दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी अवाक झाले होते. हातात घेतला तर टणक, चकचकीत, निर्दोष वाटणारा गहू, आणि रंगातून काढल्यावर दर चार-पाच दाण्यांमागे एक ठिपकेवाला. आत अळी होते, आतच कोष होतो, आणि उबदार हवेत महिन्याभराने प्रौढ सोंडा दाणा पोखरून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीन-चारशे अंडी घालू शकते. तेव्हा चार सोंडे दिसले तर आत किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

बुचाच्या आतल्या अंड्याला, दाण्यातल्या अळीला आणि विशेषतः कोषाला वाफ फार कमी पोचते. माझ्या वहीत याची एक ठरलेली कहाणी आहे. बरणीत किडका गहू, भरपूर तेल, तीन दिवस बंद. उघडून चाळला, एकही जिवंत सोंडा नाही. तोच गहू कापडाने तोंड बांधून फडताळात ठेवला. पहिला आठवडा शांत, दुसरा जवळजवळ शांत, आणि चौथ्या आठवड्यात कापडाखाली पुन्हा तीच खसखस. तोवर तेल केव्हाच उडून गेलेलं. 'तेल टाकलं, सोंडे गेले, पण परत आले' असं लोक सांगतात, त्यातले बहुतेक परत आलेले नसतात. ते आतच होते.

तर आतापर्यंतचं एवढं: दाणे वाफ शोषतात, हवेत वाफ मर्यादितच मावते, आणि किडीचा मोठा भाग दाण्याच्या आत असतो. या तिन्हींवर मात करायची तर डबा पूर्ण बंद हवा आणि तो कित्येक आठवडे तसाच राहायला हवा. आणि इथेच मला या सगळ्या प्रकरणातली गंमत वाटते. डबा खरोखर हवाबंद असेल तर तेलाची गरजच उरत नाही. आतले किडे आणि धान्य श्वसनाने प्राणवायू संपवतात. हवेत तो २१ टक्के असतो. पाच टक्क्यांच्या खाली गेला की किडे खाणं थांबवतात, तीनच्या खाली काही आठवडे राहिला की अंडी-अळ्या धरून मरतात. वाफ दाण्यातल्या किडीपर्यंत पुरेशी पोचत नाही, पण प्राणवायूचा अभाव पोचतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन पदरी पिशव्या याच तत्त्वावर तयार केल्या. त्यात औषध नाही, तेल नाही, धूर नाही. नुसतं घट्ट बांधलेलं तोंड.

म्हणून तुमच्या गव्हाचं मी असं करीन.

आधी पूर्ण गहू चाळून घ्या. दिसणारे सोंडे, पीठ, फुटके दाणे जातील तेवढे जाऊ द्या. फुटक्या दाण्यांवर आणि पिठावर तांबडा भुंगेरा जगतो. तो धडधाकट दाणा फोडू शकत नाही, सोंड्याने केलेल्या घाणीवर पोसतो, आणि तेलांना सोंड्यापेक्षा बरीच कमी दाद देतो. मग ओलावा बघा. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि मूठभर गहू घालून दोन-तीन मिनिटं हलवा, थोडा वेळ राहू द्या. मीठ काचेला चिकटलं तर गव्हात १५ टक्क्यांच्या वर पाणी आहे, तो तसाच बंद केला तर किडे मरतील पण बुरशी धरेल. न चिकटणं ही किमान पायरी झाली. मला गहू १२ टक्क्यांच्या आसपास आवडतो, दातांखाली 'कट्ट' असा तुटणारा. खायच्या गव्हाला कडक ऊन द्यायला हरकत नाही, पातळ पसरून. उन्हात सोंडे पळून जातात, म्हणून पसरण्याची जागा साठवणीपासून लांब ठेवा, नाहीतर तेच पाहुणे संध्याकाळी परत. दाण्याचं तापमान ५० च्या वर काही तास टिकलं तर आतलेही मरतात. पण घराबाहेर ते प्रत्येक दाण्याला मिळेलच असं नाही, म्हणून उन्हावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

त्यानंतर गहू पूर्ण थंड होऊ द्या आणि पिंप गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या पिंपात हवाच इतकी असते की प्राणवायू संपायला खूप वेळ लागतो. कमी गहू असेल तर लहान डबा घ्या. आणि झाकण. पत्र्याच्या बहुतेक पिंपांचं झाकण नुसतं बसतं, हवा अडवत नाही. रबरी कडं आणि पट्टीची कडी असलेलं झाकण हवं, किंवा पिंपाच्या आत जाड, न फाटलेली प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून, दुमडून, दोरीने आवळून बांधा, आणि तिच्या आत दुसरी.

झाकण खरंच बंद होतं का हे तपासायला तुमचं निलगिरीचं तेल कामाला येईल, आणि गमतीने सांगत नाही. रिकामं, कोरडं पिंप घ्या, तळाशी वाटीत कापसाचा बोळा ठेवून त्यावर वीसेक थेंब टाका, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या कडेला नाक लावून सगळीकडून फिरा. जिथून ठसठशीत वास येतो तिथून प्राणवायू आत जाणार. रबर थोडा वास धरून ठेवतं, तेवढा सोडून द्या. तपासून झालं की पिंप उघडं टाकून दोन दिवस वारा द्या, मगच गहू भरा. तुमच्या पिंपात तेलाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

किती दिवस बंद ठेवायचं हे परिस्थितीवर आहे. उबदार हवेत किडे जोराने श्वास घेतात, प्राणवायू लवकर संपतो. थंडीत तेच लांबतं, पण थंडीत त्यांची वाढही मंदावते, १८ अंशांच्या खाली जवळपास थांबते. कीड जास्त असेल तर प्राणवायू भराभर उतरतो, कमी असेल तर सावकाश. म्हणून मी आकडा एकच सांगते: कमीत कमी सहा आठवडे, म्हणजे आतल्या पिढीचा एक पूर्ण फेरा. खापरा भुंगेरा असेल तर मात्र माझं हे गणित लागू नाही. त्याच्या केसाळ अळ्या सुप्तावस्थेत जातात आणि अन्नाशिवाय वर्षांनुवर्षं राहू शकतात. गव्हावर तपकिरी, केसाळ काती दिसल्या तर तो वेगळाच प्रश्न आहे, स्वतंत्र विचारा.

बियाण्याचा गहू. याला कुठलंच सुगंधी तेल लावू नका. वनस्पती ही तेलं काही आपल्या सोयीसाठी बनवत नाहीत. शेजारच्या बीला उगवू न देणं हाही त्यांचा एक उपयोग असतो. कार्व्होन हे शेपू आणि शहाजिऱ्याच्या तेलातलं द्रव्य साठवणीतल्या बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून मुद्दाम वापरतात, यावरून समजा. कडक ऊनही बियाण्याला नको. सावलीत किंवा कोवळ्या उन्हात वाळवा, सोंड्याने न पोखरलेले दाणे निवडा. पाण्यात टाकल्यावर तरंगणारे दाणे बहुतेक पोकळ असतात, पण ही परीक्षा पेरणीच्या दिवशीच करा, साठवण्याआधी भिजवू नका. मग डायाटमी माती किलोला एक ग्रॅम चोळा आणि छोट्या डब्यात काठोकाठ बंद करा. ही माती म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाचा भुगा. किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर ती शोषते, आतलं पाणी उडून जातं आणि किडा वाळून मरतो. म्हणून ती कोरड्या धान्यातच चालते. चोळताना नाकावर मुखपट्टी असू द्या. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून किती उगवतात ते मोजा, नव्वदच्या खाली आले तर बियाणं थोडं दाट पेरा.

मुगाची गोष्ट गव्हापेक्षा सोपी आहे, आणि तेलांना इथे थोडी संधीही आहे. मुगाचा भुंगेरा अंडं दाण्याच्या बाहेर चिकटवतो. भिंग असेल तर बघा, साखरेच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतील. प्रौढ भुंगेरा साठवणीत काही खातच नाही, एक-दोन आठवडे जगतो आणि त्यातल्या पहिल्या काही दिवसांतच बरीचशी अंडी घालून मोकळा होतो. त्यामुळे त्याच्या त्या दिवसांत नुसता गोंधळ घातला तरी पुढची पिढी घटते. सुगंधी तेलांपुढे सोंडा आणि तांबडा भुंगेरा यांच्यापेक्षा हा लवकर मान टाकतो.

तरीही खायच्या मुगाला माझी पहिली पसंती थंडीला. दोन-दोन किलोची पाकिटं करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, पाळीपाळीने. अंडी, अळ्या, कोष, सगळं संपतं. बाहेर काढल्यावर पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. फ्रीजरमधून निघालेला मूग मग थेट घट्ट डब्यात.

ज्याला फ्रीजर जमत नाही त्याच्यासाठी खाद्यतेल: किलोला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, हाताने सगळ्या दाण्यांना लागेपर्यंत चोळून. इथे एक गल्लत नेहमी होते ती दूर करते. शेंगदाण्याचं, एरंडीचं, कडुनिंबाचं तेल ही स्थिर तेलं. ती उडत नाहीत, वास सोडून मारत नाहीत. दाण्यावर बारीक थर धरून अंड्याचा श्वास कोंडतात. लवंग-निलगिरीची तेलं बाष्पनशील, त्यांचं काम पूर्ण वेगळं. किलोला ५ मिली हे प्रमाण कुठेतरी वाचून कोणी तेवढं लवंगेचं तेल मुगाला चोळलं तर तो मूग फेकावाच लागेल. खाद्यतेलाचा थर हा बचाव आहे, आत शिरलेल्या अळीला तो काही करत नाही, तेव्हा मूग किडायच्या आधी लावा आणि खवट व्हायच्या आत संपवा. गव्हाला हा उपाय लागू नाही, कारण गव्हातलं अंडं बुचाआड असतं.

मग बाष्पनशील तेल कुठे वापरायचं? जिथे बंद करता येत नाही तिथे, पाहुणा आत येऊ नये म्हणून. रिकामी फडताळं, डबे ठेवायच्या फळ्यांच्या फटी, पोत्यांची बाहेरची बाजू. आधी फटींतलं जुनं पीठ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, हे निम्म्याहून जास्त काम करतं. त्यावर लवंगेच्या तेलाचा पुसणं-पोतेरा. इथे लवंग निलगिरीपेक्षा सरस, कारण ती जड, रेंगाळते. तरी आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावंच लागतं. हा वास किड्याला थोपवतो, भूक लागलेल्याला कायमचा नाही.

तेल विकत घेताना बाटलीवरच्या नावावर जाऊ नका. तुळशीच्याच एका रोपाच्या तेलात युजेनॉल मुख्य असतं, दुसऱ्यात लिनालूल, तिसऱ्यात आणखी काही, आणि तिघांचा किड्यावरचा परिणाम वेगळा. एकाने 'तुळशीचं तेल' म्हणून काढलेला आकडा दुसऱ्याच्या हाती का येत नाही याचं निम्मं कारण हे. भेसळीसाठी एक साधी परीक्षा: पांढऱ्या कागदावर थेंब टाका. निलगिरीसारखं हलकं तेल दिवसभरात उडून कागद जवळपास कोरा व्हायला हवा. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात स्थिर तेल मिसळलंय. फरशी पुसायचे सुगंधी द्रव, अत्तरं, उदबत्तीचे अर्क यांचा इथे काही संबंध नाही.

राहिला 'नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक' हा समज. ही द्रव्यं किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. काही ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे नसांमधला संदेश वेळेवर थांबवणारं विकर (एन्झाइम) अडवतात, युजेनॉलसारखी काही ऑक्टोपामिन या किड्याच्या नसांतल्या संदेशवाहकाच्या यंत्रणेत बिघाड करतात, ओव्यातलं थायमॉल गाबा या नसांना शांत करणाऱ्या संदेशवाहकाच्या ग्राहींवर बसतं. ऑक्टोपामिनचं महत्त्व आपल्या शरीरात नगण्य, म्हणून आपल्याला थोडी सवलत मिळते, पण पहिला मार्ग आपल्यातही तोच आहे. सोंड्यांवर वेखंडाचं तेल मी पाहिलेल्या तेलांपैकी सगळ्यात जबरदस्त चालतं, मादीची अंडी घालण्याची क्षमताच मारतं. त्यातलं बीटा-ॲसारोन उंदरांमध्ये गाठी करतं म्हणून अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. मी स्वतः ते धान्याजवळ फिरकू देत नाही. निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी झटके येऊ शकतात. मांजरांचं यकृत ही द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही, घरात मांजर असेल तर पोतेऱ्याचा प्रकारही विसरा. निलगिरी-संत्र्यासारखी हलकी तेलं पन्नासेक अंशांना पेट घेण्याइतकी वाफ सोडतात, म्हणून शेगडीजवळ नकोत. आणि संत्र्याच्या सालीचं तेल थर्माकोल चक्क विरघळवतं.

चाळणीखाली जे पडेल ते कचऱ्याच्या डब्यात तसंच टाकू नका, तिथून सोंडे रात्रीत परत येतात. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका किंवा उकळतं पाणी ओता. पिंप बंद केल्याची तारीख झाकणावर खडूने लिहा. पंधराव्या दिवशी 'मेले का बघू' म्हणून झाकण उघडायचा मोह होईल. उघडलंत की २१ टक्क्यांची हवा आत आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. रोजच्या दळणाचा गहू म्हणून आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवा, फ्रीजरमधून काढलेला.